शिकवणं नकोसं झालंय, की शाळा?

नोकरी सोडण्याचा विचार शिक्षकाच्या मनात बहुधा सत्राच्या अखेरीस जोर धरतो. वह्यांचा गठ्ठा तसाच पडलेला असतो, निकालपत्रकं भरायची असतात, घसा बसलेला असतो. अशा वेळी तो स्वतःलाच विचारतो, ‘मी या पेशाच्या लायकीचाच नाही का?’ मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो, कारण संशोधनाचा रोख माणसाच्या लायकीपेक्षा त्याच्या कामाच्या घडणीकडे जास्त आहे.

कामाच्या ताणानं माणूस आतून पार आटून जातो, त्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. तिच्यावरचा पहिला गाजलेला लेख मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये लिहिला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांनी या अवस्थेच्या तीन बाजू सांगितल्या: भावनिक ताकद आटणं, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दलच कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही घडतच नाही असं वाटू लागणं. यातला कोरडेपणा शिक्षकाला सर्वांत जास्त घाबरवतो. कालपर्यंत ज्या मुलाची काळजी वाटायची, त्याचा आज नुसता वैताग येतो, आणि ‘मी वाईट माणूस झालो’ असं मन म्हणू लागतं. पण हे लक्षण आहे, स्वभाव नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा तो परिणाम, अशी तिथे नोंद आहे.

शिकवण्यात ताण कुठून येतो? एक स्रोत सहसा कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामावरून ‘भावनिक श्रमा’ची कल्पना मांडली: आत एक वाटत असताना चेहऱ्यावर दुसरं ठेवायचं, तेही नोकरीचा भाग म्हणून. शिक्षक हे तासामागून तास करतो. असा वरवरचा मुखवटा सांभाळणं आणि भावनिक थकवा यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे.

पण कामाचा बोजा एवढंच कारण नसतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं, की मागण्या भरपूर आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, हे मिश्रण सर्वाधिक त्रासाचं असतं. काय शिकवायचं, किती वेगानं, परीक्षा कशी घ्यायची, हे सारं दुसऱ्यानं ठरवायचं आणि निकालाची जबाबदारी मात्र शिक्षकाची!

इथे एक फरक करायलाच हवा. शिक्षण-तत्त्वज्ञ डोरिस सँटोरो यांच्या मते, ज्याला आपण सरसकट बर्नआउट म्हणतो त्यातलं बरंचसं खरं तर नैतिक खच्चीकरण असतं. शिक्षकाची ताकद संपलेली नसते. ज्या मूल्यांसाठी तो या पेशात आला, ती जपून काम करणंच तिथे अशक्य झालेलं असतं. थकव्याला विश्रांतीचा उतारा मिळतो, खच्चीकरणाला सुट्टी पुरत नाही. म्हणून ताणमुक्तीचं शिबिर भरवून शाळा मोकळी झाली की शिक्षक चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला रास्तच वाटतं.

मग राहायचं की जायचं? आधी थकवा थोडा उतरू द्यावा. मानसशास्त्रज्ञ साबिने झोननटाग यांच्या संशोधनानुसार, कामाच्या वेळेबाहेर मनानंही कामातून बाहेर पडणं हा ताण भरून निघण्याचा महत्त्वाचा भाग आहे. अर्धवट कामं डोक्यात घोळत असतील, तर ती कधी आणि कशी करायची याचा नेमका बेत लिहून ठेवावा. असा बेत केल्यानं त्या कामांचे विचार कमी डोकावतात, असं २०११ च्या एका प्रयोगमालिकेत आढळलं.

मोठ्या सुट्टीनंतरही जीव तसाच गुदमरत असेल, तर कारण थकव्यापलीकडचं असण्याची शक्यता वाढते. तेव्हा स्वतःला विचारावं: दार लावून फक्त मुलांसोबत असतो तेव्हा कसं वाटतं? तिथे अजून जीव रमत असेल, तर पेशा सोडण्याआधी शाळा, इयत्ता किंवा जबाबदारी बदलून पाहण्यात अर्थ आहे. तिथेही काहीच उरलं नसेल, तर ‘इतकी वर्षं घातली’ हे पेशात टिकून राहण्याचं कारण होऊ शकत नाही. गेलेली वर्षं दोन्ही वाटांवर सारखीच गेलेली असतात.

नव्या नोकरीबद्दलही सावध असावं. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये व्यवस्थापकांचा अभ्यास केला. नोकरी बदलल्यावर त्यांचं समाधान चढलं आणि पुढे पुन्हा उतरलं. उलट बाजूला अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांचा प्रयोग आहे. निर्णय होत नसलेल्या हजारो लोकांनी त्यात बदल करायचा की नाही यासाठी नाणेफेक केली. मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल स्वीकारला, ते सहा महिन्यांनी सरासरीनं अधिक समाधानी होते. पण हे निष्कर्ष खरोखर कुंपणावर बसलेल्यांचे आहेत, ज्यांना अजून शिकवावंसं वाटतं त्यांचे नव्हेत.

निर्णयाआधी मुख्याध्यापकांकडे एकच नेमकी मागणी करून पाहावी: एक वर्ग कमी, एक अहवाल बंद, किंवा चाचणी स्वतः ठरवण्याची मोकळीक. मागणी मान्य झाली तर ताण किती उतरतो ते सत्रभरात कळेल. ती ऐकूनच घेतली गेली नाही, तर त्या शाळेत आणखी किती थांबायचं हे ठरवायला तेवढी माहिती पुरेशी आहे.