सोव्हिएतोत्तर देशांतील बौद्धिक संपदा हक्क : संरक्षण व अंमलबजावणी

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विघटित झाल्यावर स्वतंत्र झालेल्या १५ देशांतील पेटंट, व्यापारचिन्हे, प्रताधिकार, औद्योगिक आराखडे व भौगोलिक मानांकने यांविषयीचे कायदे आणि ते प्रत्यक्ष राबवणारी व्यवस्था. पश्चिम युरोपात शंभरेक वर्षे मुरत गेलेले कायदे या देशांनी दहा-पंधरा वर्षांत केले. कागदावर ते बहुतेक ठिकाणी चोख आहेत. खरी अडचण दोन जागी आली : हक्क मुळात कोणाचा हे ठरवताना आणि तो पोलिस, सीमाशुल्क खाते व न्यायालये यांच्याकडून बजावून घेताना.

सोव्हिएत काळात शोध लावणाऱ्याला सहसा पेटंट मिळत नसे, ‘संशोधक-प्रमाणपत्र’ मिळे. शोधाची मालकी राज्याकडे जाई. संशोधकाच्या वाट्याला नाव, ठरलेले बक्षीस आणि राहण्याच्या जादा जागेसारख्या काही सवलती येत. पेटंटची सोय कायद्यात होती, पण तिचा उपयोग मुख्यतः परदेशी अर्जदार करत. सोव्हिएत संघ पेटंट व व्यापारचिन्हांविषयीच्या पॅरिस करारात १९६५ मध्ये आणि सार्वत्रिक प्रताधिकार करारात १९७३ मध्ये सामील झाला. तोवर परदेशी लेखकाचे पुस्तक त्याची परवानगी न घेता भाषांतरित करून छापणे तिथे कायदेशीर होते. १९७३ नंतर परदेशाशी होणारे लेखनहक्कांचे व्यवहार एका केंद्रीय संस्थेमार्फतच होऊ लागले. अशा व्यवस्थेत काम करणाऱ्या लेखक-संशोधकाला आपल्या निर्मितीचा मालक म्हणून वागण्याची सवय लागणे शक्य नव्हते, आणि नंतरच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथेच आहे.

टेट्रिस या संगणकीय खेळाची कथा सर्वांना ठाऊक असलेली, पण बोलकी आहे. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करताना अलेक्सेइ पाझितनोव यांनी तो १९८४ मध्ये रचला. परदेशी हक्कांचे सौदे एलोर्ग या सरकारी संस्थेने केले. खेळ जगभर खपला. पाझितनोव यांना स्वामित्वधन मिळू लागले ते १९९६ मध्ये संगणकीय खेळांचे व्यावसायिक हेंक रॉजर्स यांच्याबरोबर कंपनी स्थापन केल्यावर. ‘स्तोलिचनाया’ व्होडकाचा वाद याहून चिवट निघाला. सरकारी निर्यात संस्थेचे रूपांतर खासगी कंपनीत झाले, तिच्याकडची व्यापारचिन्हे १९९७ मध्ये उद्योजक युरी शेफलर यांच्या कंपनीने घेतली, आणि पुढे रशियन न्यायालयांनी मूळ खासगीकरणच अवैध ठरवले. मग एकच नाव, पण मालक देशागणिक वेगळा, अशी स्थिती आली. खटले अनेक देशांत चालले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तिथल्या प्रदेशापुरता कौल रशियन सरकारी संस्थेच्या बाजूने दिला. ‘सोयुझमुल्तफिल्म’ या व्यंगपट-निर्मितिगृहाचे परदेशी हक्कही १९९२ च्या एका करारामुळे अमेरिकी न्यायालयापर्यंत गेले. राज्याची मालमत्ता वाटली गेली तेव्हा कारखान्यांच्या इमारती मोजल्या गेल्या; नावे, चित्रे आणि आज्ञावल्या यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

नव्या कायद्यांमागचा रेटा मुख्यतः बाहेरून आला. अमेरिकेशी व्यापार, जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व आणि युरोपीय संघाची दारे या तिन्हींसाठी हे कायदे हवे होते. किर्गिझस्तान १९९८ मध्येच संघटनेत गेला, युक्रेन २००८ मध्ये, रशिया २०१२ मध्ये, कझाकस्तान २०१५ मध्ये. रशियाने पेटंट कायदा १९९२ मध्ये व प्रताधिकार कायदा १९९३ मध्ये केला, १९९५ मध्ये तो देश प्रताधिकारविषयक बर्न करारात आला आणि २००८ पासून हे सर्व कायदे नागरी संहितेच्या चौथ्या भागात एकत्र आले. प्रादेशिक पातळीवर सर्वांत टिकाऊ काम झाले ते यूरेशियन पेटंट कराराचे. १९९४ मध्ये सह्या झालेला हा करार १९९५ मध्ये अमलात आला. कार्यालय मॉस्कोत, कामकाज रशियन भाषेत. एकाच अर्जावर आज आठ देशांत पेटंट मिळते : रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान, आर्मेनिया व अझरबैजान. मोल्दोवा २०१२ मध्ये बाहेर पडला. मात्र पेटंटचा भंग झाला तर दाद प्रत्येक देशाच्या न्यायालयात वेगळी मागावी लागते. अर्जाचा खर्च वाचतो, भांडणाचा वाचत नाही.

अंमलबजावणीची पहिली मोठी परीक्षा युक्रेनमध्ये झाली. बल्गेरियात कारवाई झाल्यावर तिथला चोरट्या सीडींचा धंदा १९९० च्या दशकाच्या अखेरीस युक्रेनमध्ये सरकला आणि तिथून माल युरोपभर जाऊ लागला. अमेरिकेने २००१ मध्ये युक्रेनच्या व्यापारसवलती काढून घेतल्या आणि जानेवारी २००२ पासून सुमारे ७.५ कोटी डॉलरच्या आयातीवर १०० टक्के शुल्क लावले. फटका बसला धातू, पादत्राणे असा माल निर्यात करणाऱ्यांना. त्यांचा सीडींशी काही संबंध नव्हता. डिस्क-उत्पादनावरचा कायदा २००५ मध्ये कडक झाल्यावर हे शुल्क उठले. बौद्धिक संपदेचे नीट रक्षण न करणाऱ्या देशांची यादी अमेरिका करते; २०१३ मध्ये तिने युक्रेनला त्या यादीतील सर्वांत गंभीर गटात पुन्हा टाकले. त्या वेळच्या आक्षेपांत एक असा होता की खुद्द सरकारी कार्यालयांतच विनापरवाना सॉफ्टवेअर वापरले जाते.

रशियात ‘ऑलऑफएमपी३’ हे संकेतस्थळ कित्येक वर्षे नाममात्र दरात परदेशी संगीत विकत होते. त्याचा बचाव कायद्यातूनच आला होता. १९९३ च्या कायद्यानुसार शुल्क गोळा करणारी संस्था मूळ हक्कधारकाने अधिकार दिला नसला तरी परवाना देऊ शकत होती. संकेतस्थळाने अशा संस्थेला पैसे भरले होते. गायकांपर्यंत काय पोहोचते हा प्रश्न अनुत्तरित राही. अमेरिकेशी २००६ मध्ये झालेल्या व्यापारविषयक समझोत्यानंतर २००७ मध्ये ते बंद झाले आणि नव्या संहितेने अशा संस्थांना सरकारी मान्यतेच्या चौकटीत आणले.

याच काळात कायद्याचा धाक भलत्यांवर चालला, हे लिहिल्यावाचून ही नोंद पुरी होणार नाही. पर्म प्रांतातील एका खेड्यातल्या मुख्याध्यापकावर शाळेच्या संगणकांवरील विनापरवाना विंडोजसाठी फौजदारी खटला भरला गेला; मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी बिल गेट्स यांना जाहीर पत्र लिहिले. २००७ मध्ये दंड झाला, २००८ मध्ये निर्दोष सुटका. २०१० मध्ये इर्कुत्स्कच्या ‘बैकाल एन्व्हायर्नमेंटल वेव्ह’ या पर्यावरणवादी संस्थेचे संगणक पोलिसांनी सॉफ्टवेअरच्या नावाखाली उचलून नेले. संस्था सरोवरकाठच्या कागद-कारखान्याला विरोध करत होती. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने बिगर-सरकारी संस्थांना सरसकट मोफत परवाना जाहीर केला. लेखकांच्या रक्षणासाठी केलेला कायदा टीकाकारांची तोंडे बंद करायला वापरला जातो, तेव्हा लोकांच्या मनातून त्याची पत जाते, आणि ती परत मिळवणे फार अवघड असते.

व्यवस्था खऱ्या अर्थाने हलली ती देशी हक्कधारकांचे पैसे बुडू लागल्यावर. जुलै २०१३ मध्ये मॉस्कोत बौद्धिक हक्कांचे खास न्यायालय सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टपासून मॉस्को शहर न्यायालयाला चोरटे चित्रपट दाखवणारी संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार मिळाला. २०१५ पासून संगीत व पुस्तकेही त्यात आली. (बेलारूसने असे खास न्यायपीठ २००० मध्येच नेमले होते.) दुसरीकडे, संहितेने ठरवलेली १०,००० ते ५० लाख रुबल ही भरपाई टपरीवर कार्टूनमधल्या पात्रांची खेळणी विकणाऱ्यांनाही लागू झाली. एका खेळण्यावर अनेक पात्रे असली की रक्कम तितक्या पटींनी वाढे. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अशा लहान व्यापाऱ्यांबाबत किमान मर्यादेखाली जाण्याची मुभा न्यायालयांना दिली. हा निर्णय न्याय्य होता.

औषधांबाबत सक्तीच्या परवान्यांचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला उत्पादनाची मुभा देण्याचा, मार्ग निघाला. २०१८ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने लेनालिडोमाइड या कर्करोगावरील औषधासाठी ‘नातिवा’ या रशियन कंपनीला असा परवाना दिला. ३१ डिसेंबर २०२० रोजी सरकारने रेमडेसिविरसाठी ‘फार्मसिंतेझ’ला परवानगी दिली, भारतातून रशियात गेलेले विक्रम पुनिया हे तिचे संस्थापक.

मार्च २०२२ पासून चित्र पालटले. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने ‘अमित्र’ देशांच्या, म्हणजे रशियावर निर्बंध लादणाऱ्या देशांच्या, पेटंटधारकांना, सरकारी परवानगीने झालेल्या वापरासाठी द्यायची भरपाई शून्य टक्के केली आणि ठरावीक मालाची समांतर आयात (व्यापारचिन्हाच्या मालकाच्या संमतीविना अस्सल माल आणणे) खुली केली. किरोवच्या न्यायालयाने पेप्पा पिग या पात्राच्या ब्रिटिश हक्कधारकाचा दावा निर्बंधांचे कारण देत फेटाळला; अपिलात तो निकाल फिरला. बेलारूसने जानेवारी २०२३ मध्ये अशा देशांतील काही कलाकृती परवानगीविना वापरण्याचा कायदा केला. भारत रशियाच्या ‘अमित्र’ देशांच्या यादीत नसल्याने भारतीय पेटंटधारकांना शून्य भरपाईचा नियम लागू होत नाही. तरीही हक्काचे मोल मालकाच्या पारपत्रावर ठरू लागले, की तीस वर्षांत उभ्या केलेल्या चौकटीचा पायाच खिळखिळा होतो.

एस्टोनिया, लॅटव्हिया व लिथुएनिया २००४ मध्ये युरोपीय संघात गेल्याने त्यांचा मार्ग केव्हाच वेगळा झाला. जॉर्जियाने मद्यांच्या नावांचे रक्षण हा राष्ट्रीय प्रश्न मानला, कारण ‘ख्वांचकारा’, ‘किंडझमारौली’ या नावांखाली बनावट वाइन शेजारी देशांत सर्रास विकली जात होती. २०१२ पासून युरोपीय संघाशी याबाबत करार आहे. युक्रेनने युद्ध चालू असतानाच नवे राष्ट्रीय कार्यालय उभारले, कायदेशीर मुदती स्थगित ठेवल्या आणि जानेवारी २०२३ पासून नवा प्रताधिकार कायदा लागू केला. संगणक आज्ञावलीने आपोआप निर्माण केलेल्या कृतींनाही त्यात वेगळा, मर्यादित हक्क आहे. मात्र तिथल्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाच्या स्थापनेचा आदेश २०१७ मध्ये निघूनही पुढची अनेक वर्षे ते सुरू झाले नाही आणि असे खटले सामान्य व व्यापारी न्यायालयांतच चालत राहिले.