दक्षिण आफ्रिकेत फ्लाय फिशिंग: व्हिसा हातात, पण पाणी कुठाय?

दक्षिण आफ्रिकेत फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळाला खोटी माशी (फ्लाय) लावून मासे पकडायला, निघालेली मंडळी साधारण एकाच क्रमाने कामाला लागतात. आधी विमानाचं तिकीट, मग व्हिसा, मग नवा रॉड, आणि गळ कुठे टाकायचा ते 'तिकडे गेल्यावर बघू'. हा क्रम पूर्ण उलटा करा. पाणी आधी ठरवा. पाणी ठरलं की लायसन्स कुठल्या प्रांताचं काढायचं ते कळतं, राहण्याचं पत्र मिळतं, आणि त्या पत्रावर व्हिसाचा अर्ज नीट उभा राहतो. उलट्या क्रमाने गेलेल्यांचे अर्ज परत येताना पाहून पाहून हे लिहावं लागतंय.

इथे परवानग्या तीन आहेत आणि त्या एकमेकींच्या ऐवजी चालत नाहीत. देशात शिरायची एक, मासे पकडायची दुसरी, आणि त्या विशिष्ट काठावर पाय ठेवायची तिसरी. लोक अडकतात ते तिसरीत, कारण ती कुठल्याच सरकारी यादीत लिहिलेली नसते.

1998 च्या जल कायद्यानुसार तिथलं पाणी सरकार जनतेच्या वतीने सांभाळतं. हे वाचून कुणी म्हणतं, मग नदी सगळ्यांचीच! नदी असेल, पण काठ शेतकऱ्याचा आहे, आणि काठापर्यंत जाणारा रस्ता त्याच्या कुरणातून जातो. फाटकाला कुलूप असतं. तुमच्या खिशातल्या लायसन्सने ते उघडत नाही. नकाशावर निळी रेघ दिसली म्हणून गाडी वळवू नका. जमीनमालकाची परवानगी नसेल तर तो सरळसरळ अनधिकृत प्रवेश ठरतो.

परवानगी मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे क्लब. क्वाझुलू-नाताल प्रांतात ड्रेकन्सबर्गच्या पायथ्याशी अंडरबर्ग-हिमव्हिल ट्राउट फिशिंग क्लब आहे (ट्राउट हा थंड पाण्यातला मासा). आजूबाजूच्या शेतांमधली तळी आणि नद्यांचे पट्टे त्यांच्याकडे आहेत आणि पाहुण्यांना दिवसाच्या हिशोबाने पाणी मिळतं. केप टाउनला केप पिस्कॅटोरियल सोसायटी, 1931 सालची. स्मालब्लार, होल्सलूट, एलंड्सपॅड या डोंगरी ओढ्यांचे पट्टे त्यांच्यामार्फत बुक होतात. एका पट्ट्यावर एका दिवशी मोजकेच रॉड, म्हणजे मोजकीच माणसं, सोडतात, त्यामुळे शनिवार-रविवार हवा असेल तर लवकर हलायला हवं. ईस्टर्न केपमध्ये ऱ्होड्स नावाच्या चिमुकल्या गावाभोवती वाइल्ड ट्राउट असोसिएशन हेच काम करते. म्पुमालांगा प्रांतातल्या डल्स्ट्रूम परिसरात तर लॉजचीच तळी असतात, खोली घेतली की पाणी आलंच. पहिल्यांदा जाणाऱ्याने, मुलाबाळांसकट जाणाऱ्याने तर नक्कीच, तिथूनच सुरुवात करावी.

आपल्याकडे लोणावळ्याच्या वळवण तलावात किंवा इतर कुठे महसीरच्या मागे लागलेले जे आहेत, त्यांना मात्र मी ट्राउटपेक्षा यलोफिश सुचवेन. व्हाल आणि ऑरेंज नद्यांतला हा तिथला मूळचा मासा, महसीरच्याच कार्प कुळातला, आणि लागल्यावर तसाच जोर लावणारा. हॅरिस्मिथजवळच्या स्टर्कफाँटेन धरणाचं पाणी इतकं नितळ की मासा आधी दिसतो, मग त्याच्यापुढे माशी टाकायची. तिथली पद्धत पकडून सोडून देण्याची आहे. टोकाशी उलटा काटा (बार्ब) नसलेला गळ वापरा.

आता तारखा. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि तिथे मे म्हणजे शरद संपून थंडी सुरू. वेस्टर्न केपच्या ट्राउटच्या नद्या 1 सप्टेंबर ते 31 मे उघड्या असतात. क्वाझुलू-नातालच्या नद्याही हिवाळ्यात बंद. म्हणजे शाळेचा निकाल लागल्यावर निघालात तर नदी तुमच्या तोंडावर बंद होणार. तळी आणि धरणं चालू असतात, आणि थंडीत तळ्यातला ट्राउट चांगला लागतोही, पण ज्याला वाहत्या पाण्यातच उभं राहायचंय त्याने दिवाळीची सुट्टी धरावी. तेव्हा तिथे वसंत असतो आणि केपचे ओढे ऐन भरात असतात. ड्रेकन्सबर्गला पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या नाताळाच्या आसपास. एक वादळ झालं की नदी दोन-तीन दिवस चहासारखी. तिथल्या नद्यांसाठी मार्च-एप्रिल बरा.

लायसन्स. गोड्या पाण्यासाठी देशभर चालणारं एकच लायसन्स दक्षिण आफ्रिकेत नाही. प्रांत नऊ, नियम ज्याचे त्याचे. क्वाझुलू-नातालला एझेमवेलो केझेडएन वाइल्डलाइफ, वेस्टर्न केपला केपनेचर, म्पुमालांगाला तिथली पर्यटन व उद्यान संस्था. दोन प्रांतांत जाणार असाल तर दोन्हीकडचं बघा. संरक्षित क्षेत्रात, उदाहरणार्थ कामबर्ग किंवा लोथेनीला, प्रवेशाचे पैसे आणखी वेगळे. आणि एक इशारा: ऑनलाइन शोधलं की पहिल्यांदा समोर येतो तो समुद्रातल्या हौशी मासेमारीचा परवाना. तो राष्ट्रीय आहे, फॉर्म सुटसुटीत आहे, पैसे पटकन भरता येतात, म्हणून लोक तो काढून निर्धास्त होतात. ट्राउटशी त्याचा काडीचा संबंध नाही. खाडीत किंवा समुद्रकिनारी फ्लाय टाकणार असाल तरच तो लागतो.

गंमत अशी की ट्राउट हा तिथे सरकारी दृष्टीने परका मासा. 1890 च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून नातालच्या नद्यांत सोडलेला. त्याला उपद्रवी प्रजातींच्या यादीत घालायचं की नाही यावर सरकार आणि मासेमारी संघटनांची वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली. त्याच माशासाठी लायसन्सचे पैसेही घेतले जातात. तुमच्यापुरता धडा एवढाच, की जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नका, कौतुकाने बादलीतूनसुद्धा नाही.

व्हिसाच्या कागदांची यादी व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) साइटवर असते, ती इथे उतरवत नाही. दक्षिण आफ्रिकेत ईटीएची (ऑनलाइन प्रवास-परवानगीची) डिजिटल पद्धत टप्प्याटप्प्याने येत आहे, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात तिथल्या गृह खात्याची साइट एकदा उघडून बघाच. नातेवाइकाने मागच्या वर्षी काय दिलं होतं त्यावर जाऊ नका. अर्ज कुठे अडतात तेवढं सांगतो.

बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट मोबाइल अ‍ॅपमधून काढून दिलं जातं आणि त्यावर शिक्का नसतो. शाखेत जा, प्रत्येक पानावर शिक्का-सही घ्या. काउंटरवरचा माणूस 'हल्ली लागत नाही' म्हणेल. त्याला लागत नसेल, तुम्हाला लागतं.

राहण्याचा पुरावा हा दुसरा अडथळा, आणि मासेमारीवाल्यांना खास. मोठ्या हॉटेलचं बुकिंग छापून निघतं. पण शेतावरच्या कॉटेजचा मालक व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो, या' एवढंच लिहितो. तो स्क्रीनशॉट कुणी धरत नाही. त्याच्याकडून पत्र मागा: त्याचं नाव-पत्ता, तुमची पासपोर्टवर आहेत तशी नावं, येण्या-जाण्याच्या तारखा, आणि पैसे भरलेत की तिथे भरणार. ओळखीच्या माणसाच्या घरी उतरणार असाल तर त्याच्या निमंत्रणासोबत त्याच्या ओळखपत्राची प्रतही जोडा. तारखा तिकिटाशी जुळायलाच हव्यात. एका रात्रीचा फरक पडला तरी 'त्या रात्री कुठे होता' हा प्रश्न येतो.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 30 दिवस चालायला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. व्हिसावरची मुदत म्हणजे कुठपर्यंत आत शिरायचं ती तारीख. किती दिवस राहायचं ते वेगळं लिहिलेलं असतं. दोन्ही नीट वाचा. जास्त राहिलात तर पुढची काही वर्षं दार बंद होऊ शकतं.

मुलं बरोबर असतील तर जन्मदाखला आजच कपाटातून काढून बघा. महाराष्ट्रातल्या असंख्य दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते. बारशाच्या आधी नोंद झाली, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. शाळेत चाललं, आधारला चाललं, इथे चालत नाही. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून, आई-वडील दोघांची नावं असलेला नवा दाखला घ्या. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर लागेल. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. या कामाला आठवडे जातात, त्यामुळे तिकिटाच्या आधी हे उरका.

यलो फीवर. दक्षिण आफ्रिकेसाठी ही लस लागत नाही असं ऐकून लोक निश्चिंत असतात. आखातातून गेलात तर खरंच लागत नाही. पण स्वस्त तिकीट बहुतेकदा अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असतं, आणि ते दोन्ही देश यलो फीवरच्या यादीत. तिथल्या विमानतळावर 12 तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. विमानतळाबाहेर पडून एक रात्र हॉटेलात काढलीत तर परतल्यावर भारतातही मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या 10 दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की 2016 पासूनच्या नियमाने जन्मभर चालते. लसीच्या प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्ट नंबर लिहिलेला असतो. मध्यंतरी पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही जवळ ठेवा. नावाचं स्पेलिंग केंद्रातच तपासा, घरी आल्यावर नाही.

गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढा, वर्षभर चालतं. तिकडेही डावीकडूनच चालवतात. नदीकडचे रस्ते मात्र खडीचे असतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा तिथे चालतो का हे करारात शोधून वाचा.

गळ आणि माशा चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत नकोत. बूट घरूनच धुऊन, पूर्ण वाळवून न्या. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातानाही तसंच. परवानग्या, पत्रं, लायसन्स सगळं कागदावर छापून घ्या, कारण दरीत नेटवर्क नसतं आणि फाटकावर विचारणारा माणूस तुमचा मोबाइल लोड व्हायची वाट बघत बसत नाही. क्लबच्या पाण्यावरून निघताना पकडीची नोंद भरून द्यायची असते: किती लागले, किती सोडले. एकही लागला नसेल तरी फॉर्म कोरा ठेवू नका, शून्य लिहा. त्या आकड्यांवर क्लब पुढचं पाणी ठरवतात.