टाकाऊ लाकडाची मोगरी

मोगरी म्हणजे सुताराचा लाकडी हातोडा. पटाशी किंवा किकरे या लाकूड कोरण्याच्या हत्यारांच्या मुठीवर टोले घालणे, कुसू म्हणजे सांध्यासाठी कापलेले लाकडाचे टोक भोकात बसवणे आणि जुळवलेला सांधा पुन्हा उकलणे ही तिची मुख्य कामे. संस्कृत ‘मुद्गर’ शब्दापासून मोगर, मोगरा, मोगरी ही रूपे आली आणि तालमीत फिरवायचा मुद्गलही त्यांचेच भावंड. कपडे धुण्याच्या दांडक्यालाही काही भागांत मोगरीच म्हणतात. हे अवजार फार जुने आहे. प्राचीन इजिप्तमधील कारागिरांच्या मोगऱ्या, टोल्यांनी खड्डे पडलेल्या अवस्थेत, आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात.

लोखंडी हातोडी हाताशी असताना मोगरी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. लोखंड कठीण असल्याने त्याचा आघात क्षणार्धात आणि छोट्याशा जागेवर होतो. त्यामुळे पटाशीची लाकडी मूठ वरून फुलते आणि शेवटी चिरते. मोगरीचे लाकूड आघाताच्या वेळी किंचित दबते, आघात थोडा लांबतो आणि तिच्या रुंद तोंडामुळे पसरतोही. शिवाय तोंड रुंद असल्याने नजर पटाशीच्या धारेवर ठेवता येते, मुठीकडे पाहत राहावे लागत नाही.

मोगरीसाठी नवे लाकूड विकत आणण्यापेक्षा टाकाऊ लाकूड अधिक योग्य, आणि हे केवळ पैशांपुरते खरे नाही. जुन्या घराच्या चौकटीतले किंवा वाशातले लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. त्याचे जे आकसणे, पिळणे, तडकणे व्हायचे ते होऊन गेलेले असते. ताज्या बाभळीची मोगरी पहिल्याच उन्हाळ्यात तडकू शकते. मोडलेल्या बैलगाडीच्या चाकातील बाभळीबाबत ही भीती फारशी नाही. बाभूळ, चिंच, अंजन ही वजनदार, चिवट लाकडे डोक्यासाठी उत्तम. त्यांतले अंजन तर पाण्यात बुडण्याइतके जड. दांड्याला धावडा किंवा तिवस चांगला, कारण दोन्ही लवचिक आहेत आणि पूर्वीपासून अवजारांच्या दांड्यांसाठी वापरात आहेत. मोडके मुसळ घरात पडून असेल तर त्याचाही दांडा होतो. साग टिकाऊ असला तरी तुलनेने हलका. सागाची मोगरी हलक्या कामापुरती पुरते. लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मात्र टोल्याखाली भुगा होतात.

निवडलेल्या तुकड्यावरून आधी लोहचुंबक फिरवावा, कारण आत मोडलेला एक खिळा रंध्याचे पाते खराब करतो. बारीक भोके आणि त्यांतून गळणारी पिठासारखी पूड दिसली तर कीड आत आहे, तो तुकडा सोडून द्यावा. मालवाहू पॅलेटचे लाकूड वापरायचे असेल तर त्यावरचा शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घेऊ नये.

मोगरीचे सारे बळ दोन गोष्टींत आहे. पहिली, तंतूंची दिशा. डोक्यातले तंतू एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे गेलेले हवेत, म्हणजे टोला तंतूंच्या टोकांवर बसतो आणि लाकूड सहजासहजी दबत नाही. दुसरी, दांड्याचे भोक. ते खाली अरुंद आणि वर रुंद असते, दांडाही तसाच निमुळता असतो आणि तो वरून घालतात. टिकावाचा दांडा बसतो तसाच. मोगरी फिरवताना डोके बाहेर ओढले जाते आणि दांड्याच्या रुंद भागावर अधिकच घट्ट बसते. त्यामुळे पाचर, खिळा, सरस यांतले काहीच लागत नाही.

असे निमुळते भोक अखंड ठोकळ्यात कोरायचे तर पटाशी ठोकायला मोगरी हवी आणि ती तर अजून व्हायची आहे! टाकाऊ फळ्यांतून मोगरी करताना ही अडचण आपोआप सुटते. पाऊण-एक इंच जाडीच्या तीन फळ्या घ्याव्यात आणि मधल्या फळीचे दोन तुकडे करून त्यांच्यामध्ये दांड्यापुरती फट ठेवावी, खाली सव्वा इंच, वर दीड इंच. फटीच्या कडा करवतीने तिरक्या कापल्या की कोरण्याचे कामच उरत नाही. तिन्ही थरांचे तंतू एकाच दिशेने ठेवावेत. प्लायवूडसारखे आडवे-उभे लावले तर मधला थर टोल्याखाली लवकर दबतो. दांड्याला मेण चोळून तो फटीत ठेवावा, फेव्हिकॉल लावून थर क्लॅम्पने आवळावेत आणि सरस पकडू लागला की दांडा ठोकून बाहेर काढावा. क्लॅम्प मात्र दिवसभर राहू द्यावेत.

घरकामाला 5 इंच लांब, साडेतीन इंच उंच आणि अडीच इंच जाड डोके पुरते. बाभळीचे असले तर त्याचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक भरते. दांडा डोक्यातल्या भागासह 13-14 इंचांचा असावा. दोन्ही तोंडे गुण्याने (काटकोन मापायच्या साधनाने) काटकोनात कापण्याचा मोह टाळावा. हात कोपरातून वळतो, म्हणून तोंडांच्या रेषा खाली वाढवल्या तर कोपराच्या आसपास मिळाव्यात, इतका उतार द्यावा. प्रत्येक बाजूला सुमारे पाच अंश पुरेत. तोंडे रंधताना पलीकडची कड फुटते, त्यामुळे सगळ्या कडा आधीच तिरक्या मारून घ्याव्यात. मुठीचा भाग गोल करू नये. लांबट, अंडाकृती ठेवला तर तोंडाची दिशा न पाहता हाताला कळते.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. मुठीला व्हार्निश लावू नये, घामाने ती निसटते. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे: जवसाचे तेल वाळताना तापते आणि असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे.

पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. डोके सैल झाले तर मोगरी उभी धरून दांड्याचे वरचे टोक ठोकावे, ते पुन्हा घट्ट बसते. तोंडे झिजली की पुन्हा रंधावीत. डोके चिरलेच, तर दांडा तोच ठेवून नवे डोके करता येते.