प्रायोगिक रॉकमधील अभिजात तालवादक

टिंपनी (मोठे नगारे), झायलोफोन व मरिंबा (लाकडी पट्ट्यांची वाद्ये), व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांचे) अशी वाद्ये संगीतशाळेत रीतसर शिकून पुढे रॉक बँडमध्ये शिरलेले वादक. ही वाट प्रामुख्याने अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या बँडने रुळवली. झॅपा यांची स्वतःची सुरुवात ड्रमवर झाली होती. त्यांच्या रचना वेगवान, विषम मात्रांच्या आणि बऱ्याचदा बारीकसारीक तपशिलांसह लिहिलेल्या असत; त्या कागदावरून वाजवणारे हात रॉकमध्ये सहसा मिळत नसत. आर्ट ट्रिप सिन्सिनाटी सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवून झॅपांच्या बँडमध्ये आले आणि नंतर कॅप्टन बीफहार्ट यांच्या मॅजिक बँडमध्ये ‘एड मरिंबा’ या नावाने वाजवू लागले. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत शिकलेल्या रूथ अंडरवूड (जन्म १९४६) यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरात झॅपांचा बँड ऐकला आणि १९६९ च्या ‘अंकल मीट’पासून त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. फ्रान्समध्ये पिएर मोएर्लेन यांनी ‘गाँग’ बँडला असेच वळण दिले.

अशा वादकांना स्वरलिपीचे वाचन येते, मनगट तयार असते. घोडे अडते ते आवाजापाशी. मरिंबाचा सूर क्षणात विरतो, आणि शेजारी गिटारचा अँप्लिफायर असला की वादकाला स्वतःचेच ऐकू येत नाही. मग हात जड पडतो. कडक प्लॅस्टिकच्या मॅलेटने (वाजवायच्या गोल डोक्याच्या काठीने) खालच्या सप्तकातल्या रोझवूडच्या पट्ट्या ठोकल्या तर त्यांना खळगे पडतात, प्रसंगी त्या तडकतात. मॅलेट सूत गुंडाळलेलेच ठेवून आवाज विजेने वाढवणे हा खरा उपाय. मायक्रोफोन जवळ लावला तरी त्यात ड्रम शिरतो, शिवाय बास गिटारच्या सुरांनी पट्ट्यांखालच्या नळ्या आपोआप घुमू लागतात. म्हणून प्रत्येक पट्टीला वेगळा पिकअप (कंपनाचा विजेचा संकेत करणारे छोटे साधन) चिकटवतात. जागा पट्ट्या ओवणाऱ्या दोरीच्या छिद्राजवळची, म्हणजे टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर: तिथे पट्टी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे पिकअपच्या वजनाने सूर दबत नाही. मात्र गोंद सुटतो, बारीक तारा तुटतात, आणि एखादाच सूर मुका होतो. दौऱ्यावर हे काम रोजचे.

व्हायब्रफोनचे दुखणे उलटे. ॲल्युमिनियमचा सूर रेंगाळतो, म्हणून जलद ओळीत पेडल अर्धेच दाबावे लागते.

लयीचाही वेगळा सराव लागतो. ऑर्केस्ट्रात डोळे संचालकाकडे असतात, इथे कान ड्रमरकडे. तो १० मीटर दूर असेल तर ठोका सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. कानात घालायचे मॉनिटर (आवाज थेट कानात देणारे इयरफोन) असतील तर हा फरक पडत नाही.

स्वरमेळ मात्र पट्ट्यांच्याच बाजूने ठरतो, कारण त्या मंचावर जुळवता येत नाहीत. बरेच मरिंबा संदर्भाचा ‘ए’ सूर धरून ४४२ हर्ट्‌झला लावलेले असतात आणि कीबोर्ड ४४० ला. फरक जेमतेम ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पण दोघे एकच ओळ वाजवू लागले की तो खुपतो. तेव्हा आधी कीबोर्ड ४४२ वर न्यायचा, मग गिटार त्यावरून लावायची.