डब्यातला डिटेक्टर आणि मोबाईलमधला अलर्ट

मागच्या दिवाळीला आमचे मेहुणे न्यू जर्सीहून आले तेव्हा येताना माझ्यासाठी एक काळा डबा घेऊन आले, साधारण पत्त्यांच्या दोन कॅटइतका, मागे काचेला चिकटवायचा सक्शन कप. म्हणे, "दाजी, तुमचं सारखं पुणे-मुंबई चालू असतं ना, हे लावा, आता एक चलान येणार नाही." सोसायटीत ही बातमी फिरली आणि रविवारी पार्किंगमध्ये चौघे जमले. त्यातले दोघं म्हणाले ह्याला काय करायचंय, आमच्या मॅपमध्ये फुकट येतो की डिटेक्टर, "पुढे स्पीड कॅमेरा आहे" असं बाई सांगते. तिसरे काका म्हणाले हे सगळं बेकायदेशीर आहे, आत टाकतील. आणि चौघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं समजून अर्धा तास भांडले.

गंमत अशी की ह्या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. डबा ऐकतो आणि ॲप आठवतं, एवढा एक फरक डोक्यात बसला की कुठली कामाची, कुठली कुठल्या देशात गुन्हा, हे बरंचसं आपोआप कळतं.

आधी डबा घेऊ. रडार डिटेक्टर म्हणजे खरं तर एक रेडिओच, फक्त गाणी नाही ऐकत. पोलिसांची रडार गन किंवा रडारवाला कॅमेरा रस्त्यावर लहरी सोडतो, त्या गाडीवर आपटून परत येतात, गाडी जवळ येत असेल तर परत येणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी थोडी वाढलेली असते आणि त्या फरकावरून वेग निघतो. शाळेत डॉप्लर शिकलो होतो, रेल्वेच्या शिट्टीवालं, तेच. आता ह्या लहरी नुसत्या तुमच्याच गाडीवर पडत नाहीत, रस्ताभर पसरतात, त्यामुळे डबा त्या लांबूनच पकडतो आणि तुमचा वेग मोजला जायच्या आधी टूं टूं करतो. अमेरिकेत पोलिसांची रडारं मुख्यतः तीन पट्ट्यांत चालतात, एक्स बँड साडेदहा गिगाहर्ट्झच्या आसपास, के बँड २४ च्या आसपास आणि केए बँड साधारण ३३ ते ३६. मेहुण्यांचा डबा हे तिन्ही ऐकतो.

पण ह्याच २४ गिगाहर्ट्झच्या आसपास मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे पण बोलतात आणि बऱ्याच गाड्यांमधले ब्लाइंड स्पॉटचे सेन्सर पण. मी डबा लावून पुण्याहून पनवेलपर्यंत गेलो तर पहिला टूं टूं मॉलच्या गेटसमोर, दुसरा एक मोठी एसयूव्ही बाजूने गेली तेव्हा, मग लोणावळ्याला चहाला थांबलो तर तिथे तर तो गप्पच बसेना. आणि खरा घोळ हा की रस्त्यावर तो ओरडला तेव्हा समोर खरंच काही होतं का नव्हतं हे कळायला मार्गच नाही, आणि तो गप्प होता तेव्हा तर अजिबातच नाही.

कारण कॅमेरा असला म्हणजे त्यात रडार असतंच असं नाही. काही कॅमेऱ्यांना वेग रस्त्यात पुरलेल्या तारांच्या लूपवरून कळतो, ब्रिटनमध्ये ट्रुव्हेलो नावाचे कॅमेरे होते त्यांना रस्त्यावर बसवलेल्या प्रेशर सेन्सरवरून कळायचा, असे कॅमेरे हवेत काही सोडतच नाहीत तर डबा ऐकणार काय. आणि आपल्याकडे हायवेवर जी इंटरसेप्टर गाडी कडेला उभी असते तिच्यात असते लेझर गन. लेझरचा झोत रडारसारखा पसरत नाही, तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो, म्हणजे पोलीस तुमच्याच नंबर प्लेटवर नेम धरू शकतो आणि सेकंदभराच्या आत वेग त्याच्या स्क्रीनवर. महागड्या डब्यात लेझरचा सेन्सर असतो, नाही असं नाही, पण तो ओरडतो तेव्हा झोत तुमच्यावरच पडलेला असतो. म्हणजे ते "सावधान" नसतं, ते "अभिनंदन, तुमचा फोटो निघाला" असतं.

(जाता जाता एक. हा फोटोवाला स्पीड कॅमेरा ज्याच्या डोक्यातून निघाला तो कुणी पोलीस नव्हता, मॉस गॅट्सोनिडेस नावाचा डच रॅली ड्रायव्हर होता, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. त्याला वळणावर आपला वेग नक्की किती पडतो ते मोजून अजून जोरात जायचं होतं. म्हणजे जोरात पळायला केलेलं यंत्र आज जोरात पळणाऱ्यांना पकडतंय.)

आता ॲप. मोबाईलमधला अलर्ट हवेतलं काहीही ऐकत नाही. त्याच्याकडे एक यादी असते, ह्या ह्या ठिकाणी कॅमेरा आहे अशी, आणि जीपीएसवरून त्याला माहीत असतं की तुम्ही कुठे आहात आणि कुठल्या दिशेला निघालाय. दोन्ही जुळलं की बाई बोलते. ही यादी काही कंपनी स्वतः करते, काही तुमच्याआमच्यासारखे लोक चालता चालता "इथे कॅमेरा आहे", "इथे पोलीस आहेत" असं दाबून भर घालतात. म्हणून पक्क्या खांबावरच्या, कमानीवरच्या कॅमेऱ्यासाठी ॲप एकदम चोख, तो रडारवर चालतो का लेझरवर ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. पण इंटरसेप्टर सकाळी उर्से टोलच्या अलीकडे आणि दुपारी खालापूरला असेल तर ॲप शिळी बातमी देतं, आणि भाताण-माडपच्या बोगद्यात जीपीएस हरवला की बाई बाहेर आल्यावर जागी होते. शेजारच्या सर्व्हिस रोडवरचा कॅमेरा तुमचाच समजून उगाच घाबरवते ते वेगळंच.

आणि मग आला सरासरी वेग, ज्याच्यापुढे डब्याची तर बोलतीच बंद. ह्यात दोन ठिकाणी नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे असतात, पहिल्याने तुमची वेळ नोंदवली, दुसऱ्याने नोंदवली, मधलं अंतर माहितीच आहे, भागाकार केला, झालं. शंभरच्या लिमिटला दहा किलोमीटरला कमीत कमी सहा मिनिटं लागली पाहिजेत, तुम्ही पाचात पोचलात म्हणजे तुम्ही १२० ने आलात, मग मध्ये कॅमेऱ्याखाली कितीही शहाण्यासारखं ऐंशीने जा. आपल्याकडची सगळ्यांची सवय आहे ना, कमान दिसली की कचकन ब्रेक आणि कमान गेली की परत पाय खाली, तिचा इथे काही उपयोग नाही, उलट मागचा ट्रक येऊन धडकायची भीती.

कायद्यात पण ह्या दोघांची नशिबं वेगळी आहेत, आणि काकांचं "आत टाकतील" इथूनच येतं, कारण त्यांनी मुलाकडून स्टुटगार्टचं ऐकलेलं.

जर्मनीत पुण्याची इतकी मुलं आहेत म्हणून ते जरा सविस्तर. तिथे वाहतूक नियमांचं कलम २३ म्हणतं की वेगतपासणी दाखवणारं किंवा बिघडवणारं यंत्र चालकाने चालवायचं नाही आणि चालू करायच्या तयारीत जवळही बाळगायचं नाही. दंड ७५ युरो आणि वर लायसनवर दंडाचा एक पॉइंट. आधी लोक म्हणायचे हे डब्याला लागू, मोबाईल तर फोन करायला आहे, म्हणून २०२० मध्ये नियमात वाक्यच वाढवलं की अनेक कामांच्या उपकरणातली ही सोय पण वापरायची नाही, म्हणजे ॲप पण गेलं. मग लोकांनी डोकं चालवलं, ॲप बायकोच्या मोबाईलवर लावू. २०२३ मध्ये कार्ल्सरूहच्या वरिष्ठ कोर्टाने तेही बंद केलं, शेजारी बसलेल्याच्या फोनवर ॲप चालू आहे आणि चालक त्याचा फायदा घेतोय तर दंड चालकालाच. आणि ह्याच देशात रेडिओवर निवेदक मजेत सांगतो की अमुक रस्त्यावर आज कॅमेरा लागलाय, सांभाळा. ते चालतं!

फ्रान्सने वेगळीच वाट काढली. तिथे कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखवणाऱ्या यंत्रांवर २०१२ च्या सुरुवातीला बंदी आली, दंड १५०० युरोपर्यंत आणि लायसनचे सहा पॉइंट कापणार. मग कंपन्यांनी तोच माल "ड्रायव्हिंगला मदत" म्हणून विकायला काढला, आता ते कॅमेरा म्हणत नाही, "धोक्याचा पट्टा" म्हणतं, मोटरवेवर चार किलोमीटरचा, गावात तीनशे मीटरचा, त्यात कॅमेरा असेल किंवा नसेल. आपल्याकडे पण असं नाव बदलून सगळं चालतं त्यामुळे वाचताना घरच्यासारखं वाटलं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र दोन्हीला बंदी, आणि पोलीस वस्तू जप्त करतात. ब्रिटनमध्ये उलट, १९९८ मध्ये कोर्टाने सांगितलं की डिटेक्टर वापरणं हा वायरलेस कायद्याखाली गुन्हा होत नाही, तेव्हापासून डबा पण चालतो आणि ॲप पण.

अमेरिकेत खासगी गाडीत डबा जवळजवळ सगळीकडे चालतो, फक्त व्हर्जिनिया राज्य आणि वॉशिंग्टन डीसी सोडून. मोठ्या व्यावसायिक ट्रकना मात्र सगळ्या देशात बंदी आहे. म्हणजे ट्रक चालवणाऱ्या सरदारजींनी लावला तर गुन्हा आणि शेजारून मेहुणे गेले तर नाही. व्हर्जिनियात पोलिसांकडे डिटेक्टर शोधणारे डिटेक्टर असतात, कारण ऐकणारा रेडिओ पण स्वतः थोड्या लहरी बाहेर गळू देतोच, त्या पकडतात. ॲप मात्र तिकडे कुठेही चालवा.

मग आपल्याकडे? मोटार वाहन कायद्यात रडार डिटेक्टर असं नाव घेऊन त्याला बंदी घालणारं कलम नाही. पण म्हणून "लीगल आहे" असं छातीठोक सांगणारे दुकानदार असतात त्यांचं पण ऐकू नका, कारण रेडिओ उपकरणं बाळगणं आणि आयात करणं हा मोटार वाहन कायद्याचा विषयच नाही, तो दूरसंचार कायद्याचा आहे, आणि तिथे वेगळे नियम आहेत. ॲपला तसला काही प्रश्न नाही. २०२० मध्ये केंद्रीय नियमात स्पष्टच केलं की गाडी चालवताना मोबाईलसारखं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येईल, तेही लक्ष विचलित न होता. होल्डरमध्ये लावा, निघायच्या आधी चालू करा, मध्येच हातात घेऊन "पोलीस आहेत" दाबत बसू नका, कारण त्याला धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ लागतं आणि तिथे दंड एक हजार ते पाच हजार. वेगाचा दंड कारला कलम १८३ खाली एक ते दोन हजार आहे. म्हणजे वेगाचं चलान चुकवायला मोबाईल हातात घेतलात तर जास्त महाग पडू शकतं.

एक तिसरी वस्तू पण ह्याच गल्लतीत घुसते, जॅमर. ऑनलाइन कधीकधी "डिटेक्टर कम जॅमर" असं विकायला दिसतं. डिटेक्टर ऐकतो, जॅमर समोरच्याचं ऐकणं बंद पाडतो, आणि ह्याबाबत आपल्याकडे काही धूसर नाही, २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने परत एकदा सांगितलंय की खासगी माणसाला सिग्नल जॅमर घेता येत नाही आणि वापरता येत नाही. अमेरिकेत डबा खुशाल विकतात पण रडार जॅमर तिथेही गुन्हाच. हात लावू नका.

आता मला खरं ह्या सगळ्या भांडणात मजा कशाची वाटली माहितीये का, आपल्याकडे कॅमेरा लपवायचाच नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला त्यात लिहिलंय की जिथे कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते त्या पट्ट्याच्या आधी ठळक दिसेल असा बोर्ड पाहिजे. त्या यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मंजुरीचं प्रमाणपत्र पाहिजे, दरवर्षी नवीन केलेलं, आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत यायला हवी. म्हणजे जी माहिती तुम्ही पंधरा-वीस हजारांच्या डब्यातून काढायला बघताय ती सरकारनेच रस्त्याच्या कडेला लिहून ठेवायची आहे. बोर्ड झाडामागे गेला असेल, कुणी वाढदिवसाचा फ्लेक्स लावला असेल, तर चलानावर तक्रार करायचा मुद्दा तो आहे, त्याचा फोटो काढून ठेवा (गाडी बाजूला घेऊन).

मला स्वतःला ॲपचा जास्त उपयोग कॅमेऱ्यापेक्षा स्पीड लिमिटसाठी होतो. एक्सप्रेसवेवर कारला सपाटीला शंभर आणि बोरघाटात साठ, आणि घाट नक्की कुठे सुरू झाला धरायचा हे पायाला कळत नाही, उतारावर गाडी आपोआप ऐंशीला जाते. मला आजवर आलेली दोन्ही चलानं घाटातलीच. तिथे स्क्रीनच्या कोपऱ्यात साठचा आकडा दिसला की मी तिसऱ्या गिअरला येतो, डबा त्या जागी काय सांगणार होता? त्याला लिमिटच माहीत नसतं.

डबा मी मेहुण्यांना परत दिला. ते जरा नाराज झाले, म्हणाले तिकडे खूप कामाला येतो. मी विचारलं, वॉशिंग्टनला जाता तेव्हा? तर म्हणे, "तेव्हा काढून, वायर सोडवून डिकीत बॅगेखाली टाकतो ना."