दुर्मिळ आजारासाठी केंद्राची मदत: अर्ज कुठे करायचा आणि एक्स-रे, एमआरआयची फाईल कशी लावायची

माझ्या बहिणीच्या मुलाचं पोट चौथ्या वर्षी सतत फुगलेलं असायचं. सोनोग्राफीत प्लीहा (पोटात डाव्या बाजूचा अवयव) मोठी दिसली, प्लेटलेट्स कमी होत्या, मलेरियाची औषधंही देऊन झाली. निदान मात्र झालं ते मांडीच्या एका जुन्या एक्स-रेवरून. पाय दुखतो म्हणून तो आधी कधीतरी काढला होता आणि रिपोर्टमध्ये 'फ्रॅक्चर नाही' एवढंच लिहिलं होतं. नव्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेन्सिलीच्या टोकाने गुडघ्याच्या वरची कड दाखवली. जिथे हाड बारीक असायला हवं, तिथे ते चंबूच्या बुडासारखं पसरलेलं होतं. "हे हाड आणि ही प्लीहा एकाच मुलात आहे, तेव्हा गोशेची तपासणी करून घेऊ," असं ते म्हणाले. गोशे हा प्लीहा आणि हाडं बिघडवणारा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार. बहिणीने ती फिल्म कपाटावर जपून ठेवली होती म्हणूनच हे जमलं.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: रिपोर्टचा कागद पुरत नाही. मूळ फिल्म आणि एमआरआय-सीटीची सीडी सांभाळून ठेवा. तपासणी केलेल्या सेंटरमध्ये मागितली की सीडी मिळते. लहान मुलाला एमआरआयसाठी बहुधा भूल द्यावी लागते, आधी उपाशी ठेवावं लागतं. सीडी हरवली की मुलाला त्या सगळ्यातून पुन्हा न्यावं लागतं.

आता मदतीविषयी. केंद्र सरकारचं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण 2021 साली आलं. 2022 मध्ये मदतीची मर्यादा वाढली आणि आता यादीतल्या आजारांसाठी एका रुग्णामागे जास्तीत जास्त 50 लाख रुपये मिळू शकतात. यादीत 60 हून अधिक आजार आहेत. त्यांचे गट असे: अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार पहिल्या गटात, खास आहार किंवा तुलनेने स्वस्त औषधं दीर्घकाळ लागणारे दुसऱ्या गटात, आणि गोशे, पॉम्पे, फॅब्री, एसएमए (स्नायू कमकुवत करणारा आजार), काही प्रकारचे एमपीएस (हाडं आणि इतर अवयव बिघडवणारा आजार) असे, ज्यांवर औषध आहे पण ते अतिशय महाग आणि आयुष्यभराचं आहे, ते तिसऱ्या गटात. पैसे रुग्णाच्या खात्यात येत नाहीत. ते उपचार करणाऱ्या 'सेंटर ऑफ एक्सलन्स'ला, म्हणजे या आजारांसाठी सरकारने नेमलेल्या रुग्णालयाला मिळतात.

अर्जही तिथूनच होतो, थेट मंत्रालयाकडे नाही. महाराष्ट्रातलं असं सेंटर म्हणजे मुंबईत परळचं केईएम रुग्णालय. दिल्लीचं एम्स, लखनौचं एसजीपीजीआय, चंदीगडचं पीजीआय ही इतर सेंटरांपैकी काही. ओपीडीत केसपेपर काढायचा, डॉक्टर तपासतात, निदान पक्कं करतात, मग रुग्णालयाची दुर्मिळ आजार समिती प्रकरण बघते आणि निधीची मागणी रुग्णालयामार्फत वर सरकारकडे जाते.

'निदान पक्कं' हा शब्द नीट समजून घ्या, कारण बऱ्याच फाईली इथेच अडतात. एक्स-रे किंवा एमआरआय संशय निर्माण करतो, दिशा दाखवतो. शिक्कामोर्तब एन्झाइमच्या रक्ततपासणीने आणि जनुकीय चाचणीने होतं. एमपीएसमध्ये मणक्याला पुढून चोचीसारखा भाग आलेला दिसतो, बरगड्या वल्ह्यासारख्या रुंद दिसतात. जाणता रेडिओलॉजिस्ट ते बघूनच आजाराचं नाव सुचवतो. पण एमपीएसचा नेमका प्रकार कोणता हे हाडं सांगत नाहीत, आणि औषध प्रकारानुसार बदलतं. म्हणून फाईलमध्ये दोन्ही हवं.

एका आजारात मात्र मदतीची पात्रता एमआरआयवरही बरीच अवलंबून असते: मुलग्यांना होणारी अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे मेंदू बिघडवत जाणारा एक आनुवंशिक आजार. धोरणात हा आजार पहिल्या गटात आहे, पण सुरुवातीच्या टप्प्यात, मेंदूची ठळक लक्षणं दिसण्याआधी. मेंदूच्या पांढऱ्या भागात बिघाड किती पसरलाय, हे डॉक्टर एमआरआयवर 'लोज स्कोअर'ने मोजतात. तो 0 ते 34 असतो आणि प्रत्यारोपणासाठी साधारण 9 पर्यंतचा स्कोअर लवकरचा मानतात. चित्रात बिघाड आधी दिसतो. शाळेत लक्ष न लागणं, नजर कमी होणं हे नंतर. त्यामुळे थोरल्याला हा आजार निघाला असेल तर धाकट्या भावाची रक्ततपासणी लगेच करा. त्याच्यातही दोष सापडला तर साधारण 3 ते 12 या वयात दर सहा महिन्यांनी एमआरआय करतात. अशा घरात 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणू नका, कळकळीने सांगते.

कागदपत्रांत सहसा लागतं ते असं: रुग्णाचं आणि आईवडिलांचं आधार, मुलाचा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो, आधीच्या सगळ्या डिस्चार्ज समऱ्या, एन्झाइम आणि जनुकीय चाचणीचे अहवाल. रुग्णालयात हातात देतात ती यादी अंतिम समजा. सोबत सगळ्या तपासण्या तारखेनुसार लावा, सर्वांत जुनी खाली. प्रत्येक फिल्मच्या पाकिटावर तारीख आणि कुठला भाग ते मोठ्या अक्षरात लिहा. सीडीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही बघा. आमच्याकडे एका ठिकाणी आडनाव चुकीचं टाईप झालं होतं आणि ते दुरुस्त करायला दोन खेपा पडल्या.

उपचार सुरू होण्याआधीची सोनोग्राफी किंवा एमआरआय तर जिवापाड जपा. गोशेमध्ये औषध लागू पडतंय का, हे प्लीहेचा आकार आधीच्या मोजमापाशी ताडून कळतं. शिवाय हे औषध वजनावर देतात. मूल वाढतं तसा खर्च वाढतो, आणि 50 लाख काही वर्षांत संपूही शकतात. आरोग्य मंत्रालयाचं देणगीसाठी एक पोर्टल आहे. त्यावर रुग्णाची नोंद रुग्णालयामार्फत होते, तेव्हा मंजुरी आली तरी त्या नोंदीबद्दल त्याच भेटीत विचारून घ्या.

जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. सीडी ठेवून घेत असतील तर आधी तिची कॉपी पेनड्राइव्हवर करा. फिल्म गुंडाळून पिशवीत कोंबू नका, पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून बांधा.