मोटारीच्या चाबीवरील पॅनिक बटण (ग्रामीण विदर्भातील वापर)

मोटारीच्या रिमोट चाबीवर, लॉक-अनलॉकच्या बटणांशेजारी असणारे, बहुधा लाल रंगाचे किंवा भोंग्याचे चित्र असलेले बटण. ते दाबून धरले की बंद उभ्या असलेल्या गाडीचा हॉर्न राहून राहून वाजू लागतो आणि दिवे उघडझाप करतात. धोका वाटला तर आसपासच्या लोकांना सावध करता यावे, एवढाच त्याचा हेतू. हे बटण कोणाला फोन लावत नाही, कोणाला ठिकाण कळवत नाही. ऐकणारा माणूस धावून आला तरच ते कामाचे. त्यामुळे शहरात आणि खेड्यात त्याची किंमत सारखी नाही. नागपूरच्या एखाद्या मोठ्या संकुलात गाडी बराच वेळ वाजत राहिली तरी खिडकी उघडेलच असे नाही. यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या लहान गावात तीच गाडी रात्री वाजली तर "गाडी कोनाची बोंबलून राह्यली?" असे विचारत चार माणसे दारात येतात. ग्रामीण विदर्भात या बटणाचे फायदे आणि त्याचे त्रास, दोन्ही या धावून येण्याशी बांधलेले आहेत.

एकाच नावाच्या दोन-तीन वस्तू असल्यामुळे लोकांची गल्लत होते आणि ती धोक्याची आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सार्वजनिक वाहनांतील प्रवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न पुढे आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ मध्ये बदल झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी यांसारख्या सार्वजनिक वाहनांत ठिकाण कळवणारे यंत्र व आपत्कालीन बटण बसवणे बंधनकारक ठरले. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईल फोनमध्येही अशी सोय सक्तीची झाली. साध्या फोनवर त्यासाठी ५ किंवा ९ चे बटण दाबून धरण्याची व्यवस्था ठरवण्यात आली. ही दोन्ही बटणे मदत यंत्रणेपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. चाबीवरच्या बटणाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्याची हाक हॉर्न जाईल तिथवरच. जिवावर बेतले असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावलाच पाहिजे; मदत येईपर्यंत शेजाऱ्यांना जागे करणे एवढे काम बटणाचे.

चाबीत एक लहान रेडिओ प्रक्षेपक असतो. भारतातल्या बहुतेक चाब्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, तर अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झची पद्धत रुळली. बटण दाबले की चाबीची ओळख, कोणते बटण दाबले ते आणि दर वेळी बदलणारा एक सांकेतिक क्रमांक असा छोटा संदेश गाडीकडे जातो. गाडीतला रिसीव्हर (संदेश घेणारा भाग) तो तपासून हॉर्न व दिव्यांना विद्युतप्रवाह देतो. क्रमांक बदलता ठेवण्याचे कारण असे की, कोणी तो संदेश हवेतून पकडून पुन्हा वापरला तर गाडीने त्याला दाद देऊ नये. याचा एक उपद्रवही आहे. पोरांनी घरात खेळता खेळता गाडीपासून लांब चाबीची बटणे पुष्कळदा दाबली, तर चाबीचा क्रमांक पुढे निघून जातो आणि काही गाड्या चाबी ओळखेनाशा होतात. मग ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते. वाजणारी गाडी थांबवण्यासाठी बहुधा तेच बटण पुन्हा दाबावे लागते. काही गाड्या अनलॉक केल्यावर किंवा इग्निशन चालू केल्यावर गप्प होतात, आणि कोणीच काही केले नाही तर ठरावीक वेळाने हॉर्न आपोआप बंद होतो. आपली गाडी कशाने थांबते हे दिवसाउजेडी एकदा करून पाहिलेले असावे. रात्री, गोंधळलेल्या हाताला ते सापडत नाही.

रिमोटने दार उघडणारी पहिली गाजलेली गाडी म्हणजे फ्रान्समधील रेनो फ्यूगो, १९८२ सालची. तिची चाबी अवरक्त किरणांवर चाले. पॅनिक बटण रुजले ते मुख्यतः अमेरिकी बाजारात. युरोपातल्या अनेक गाड्यांना ते नसते, आणि भारतातही कंपनीकडून येणाऱ्या बऱ्याच चाब्यांवर केवळ लॉक-अनलॉक असते. तालुक्याच्या गावी अॅक्सेसरीजच्या दुकानात नंतर बसवून घेतलेल्या सेंट्रल लॉकच्या रिमोटवर मात्र घंटेचे किंवा भोंग्याचे बटण हमखास दिसते. जुन्या बोलेरोला किंवा व्हॅनला हे बटण आले ते या वाटेने.

रात्री उशाशी गाडीची चाबी ठेवा, चोर आला किंवा छातीत दुखू लागले तर बटण दाबा, असा सल्ला मोबाईलवर फिरत असतो. तो चुकीचा नाही, पण काही अटींवरच खरा आहे. चाबीचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण दहा ते तीस मीटर, काही गाड्यांत त्याहून जास्त. जुन्या वाड्याच्या जाड मातीच्या भिंती आणि टिनाचे छप्पर मध्ये आले की तो घटतो. गावातल्या गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी पुष्कळदा मारुतीच्या पारापाशी किंवा ग्रामपंचायतीसमोर उभी असते. तिथवर अंथरुणातून संदेश पोहोचत नाही. गाडी अंगणात उभी राहत असेल तर गोष्ट निराळी. मुले पुण्या-मुंबईला, घरी आजी-आजोबा दोघेच, अशी घरे आज विदर्भातल्या प्रत्येक गावात आहेत. अशा घरासाठी हे बटण मोलाचे आहे, कारण फोनचे कुलूप उघडून नंबर शोधण्याइतके भान दुखण्यात राहीलच असे नाही आणि बटण मात्र अंधारातही बोटाला लागते. मात्र शेजाऱ्याला आधी सांगून ठेवायला हवे: "मामाजी, रात्री आमची गाडी वाजत राहिली तर तसेच निघून या." हे बोलणे झालेले नसेल तर पहिली काही मिनिटे गाडी बिघडली असेल या समजुतीत जातात, आणि सर्पदंशात किंवा हृदयविकारात तीच मिनिटे महत्त्वाची असतात.

वावरातला उपयोग कोणत्याही कंपनीने मनात धरलेला नव्हता. हरभरा, तूर, गहू उभा असताना रोही (नीलगाय) आणि रानडुकरे रात्रीतून पीक आडवे करतात, म्हणून शेतकरी जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला जातो. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, तेव्हा मोटर सुरू करायलाही अंधारातच जावे लागते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गाडी उभी असेल तर विहिरीजवळून बटण दाबून हॉर्न आणि उजेड दोन्ही एकदम मिळतात. कळप पहिल्यांदा पळतो. मग सवय होते. ज्या आवाजामागून काहीच घडत नाही त्याला रानडुक्कर फार दिवस भीत नाही. त्यामुळे पिकाच्या राखणीचे कायमचे साधन म्हणून हे बटण टिकत नाही, आणि गाडीची बॅटरी उतरते ती वेगळीच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात प्रश्न वाघ-अस्वलांचा असतो. तिथे या बटणावर जीव टाकून राहू नये. दुरून आवाज करत, सोबतीने चालणे हा जुना रिवाज शहाणपणाचा आहे. पण जवळ आलेले, पिल्लू सोबत असलेले अस्वल अचानक मोठा आवाज झाल्यावर दूरच जाईल, याची खात्री देता येत नाही. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पाच्या आत तर हॉर्नला मनाईच आहे.

हॉर्न किती दूर ऐकू जाईल हे ऋतूवरही ठरते. एप्रिल-मेच्या दुपारी जमिनीलगतची हवा सर्वांत तापलेली असते. अशा हवेत आवाज वरच्या बाजूला वळतो आणि जमिनीवरच्या माणसापर्यंत कमी पोहोचतो. डिसेंबरच्या शांत रात्री उलटे होते. खाली थंड हवा, वर त्यामानाने उबदार, त्यामुळे आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो आणि शेजारच्या शिवारातही ऐकू येतो. पांदण रस्त्यावर (शेतांमधल्या कच्च्या वाटेवर) दुपारी गाडी बंद पडलेल्या शिक्षिकेने किंवा आरोग्य सेविकेने हे लक्षात घ्यावे. भर उन्हाळ्यात, वस्ती लांब असताना, बटणापेक्षा फोन आणि बंद काचा जास्त भरवशाच्या.

यात्रा, लग्न आणि बाजार समितीच्या आवारात बटणाचा वापर गाडी शोधण्यासाठी होतो. शेगावला किंवा रामनवमीला पोहरादेवीला गेले की मोकळ्या रानात पांढऱ्या गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि आपली कोणती ते कळत नाही. खरे तर लॉकचे बटण दाबले तरी बहुतेक गाड्यांचे इंडिकेटर लुकलुकतात, काहींचा बारीक आवाजही होतो, आणि तेवढ्याने काम भागते. पल्ला कमी पडला तर चाबी हनुवटीला टेकवून दाबावी. डोक्यातल्या पाण्यामुळे संदेश थोडा अधिक दूर जातो. त्यासाठी पॅनिक बटण दाबणे मात्र वाईट सवय आहे. शेकडो माणसे दचकतात आणि कोणाला खरोखर मदत हवी आहे का, हे बघायला कोणी वळत नाही.

त्रासाचा मोठा भाग चुकून दाबल्या जाण्याचा आहे. सदऱ्याच्या खिशात नाणी, तंबाखूची डबी आणि चाबी एकत्र. वाकले की बटण दाबले जाते. दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागणारी चाबी या बाबतीत बरी. रिमोटचा सेल संपल्यावर साध्या चाबीने दार उघडले, तर काही गाड्यांचा चोरी-इशारा आपणहून वाजू लागतो. तो पॅनिक बटणाचा आवाज नव्हे, पण झोपमोड झालेल्या गल्लीला त्याचे काय? सर्वांत गंभीर धोका जनावरांचा. पोळ्याच्या तोरणाखाली सजवलेले बैल दाटीने उभे असतात, शंकरपटाच्या (बैलजोड्यांच्या शर्यतीच्या) दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर जोड्या आधीच उसळलेल्या असतात. तिथे दोन हातांवर अचानक हॉर्न सुरू झाला तर बुजलेली जोडी पोराबाळांच्या गर्दीत घुसू शकते. अशा ठिकाणी गाडी लांब लावावी आणि चाबी खिशात न ठेवता पिशवीत ठेवावी. आणि गाव एकदा, दोनदा, तीनदा फुकट धावले की चौथ्यांदा कूस बदलून झोपते. ज्याच्या घरची गाडी सारखी वाजते त्याच्या खऱ्या संकटालाही मग कोणी उठत नाही.

कायद्यात या बटणाचा वेगळा उल्लेख नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल आहे. रात्री निवासी भागात व शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवण्यास बंदी आहे, सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद सोडून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-फ मधील १,००० रुपयांचा, आणि पुन्हा केल्यास २,००० रुपयांचा दंड गाडी चालवताना विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यासाठी आहे. उभ्या गाडीबाबत गावात शेवटी समजुतीनेच निभावते.

चाबीत बहुधा सीआर २०३२ हा नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल असतो. गाडी पूर्वीपेक्षा जवळ गेल्याशिवाय उघडेना, की सेल संपत आल्याचे ओळखावे. तालुक्याच्या घड्याळजीकडे किंवा मोबाईलच्या दुकानात तो बदलून मिळतो. काढलेला सेल घरात इकडेतिकडे टाकू नये. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, मूल ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय गिळले आहे ते डॉक्टरांना तिथे पोहोचताच सांगावे.